सिरीथिप थिएटरचा अर्धा हिस्सा आणि फेडायचा राहिलेला नवस

मी, लामदुआन तांगसिरिवत, कैलासवासी थोंगबाय तांगसिरिवत यांची पत्नी, वय एकोणऐंशी, धंदा पूर्वी सिनेमाला आवाज देण्याचा, आता उंबऱ्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलण्याचा, राहणार बांग फ्लू कालव्याकाठचा जुना बाजार, थोनबुरी, बँकॉक, आज स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्याच चष्म्यातून हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. असतं तर लिहायला इतकी वर्षं लागली नसती.

बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टर अगदी तरुण होते. म्हणाले, "आजी, मी तीन शब्द सांगतो, ते थोड्या वेळाने मला परत सांगायचे." मी म्हटलं, "बाळा, मी दुपारी एकदा सिनेमा बघायचे आणि संध्याकाळच्या खेळाला त्यातल्या सगळ्या बायकांच्या तोंडचं बोलायचे. तू तीन शब्द कसले सांगतोस?" तरी त्यांनी सांगितले. आंबा, होडी, छत्री. कुणाला शंका असेल तर अजून विचारावं.

याआधी मी कुठे काही लिहून दिलं असेल तर ते रद्द समजावं. गेल्या कित्येक वर्षांत 'समर्थनपत्र', 'सहभागपत्र', 'मनोगत' अशा नावाच्या अनेक कागदांवर माझ्या सह्या घेतल्या गेल्या. त्यांपैकी एकालाही मृत्युपत्र मानू नये. त्या सह्यांनंतर दर वेळी एक फोटो निघाला आणि चहा झाला, याखेरीज काही झालेलं नाही.

कलम १. मिळकत.

बाजाराच्या टोकाला, कालव्याकडे पाठ करून उभं असलेलं सिरीथिप थिएटर खालच्या जमिनीसकट अर्धं माझं आहे. ते मला नवऱ्याकडून आलं आणि त्याला माझ्या सासऱ्यांकडून, ज्यांनी ते बांधलं. उरलेलं अर्धं माझ्या थोरल्या दिरांच्या मुलाचं, थामरोंगचं. लहानपणी भुताखेतांच्या नजरेत भरू नये म्हणून घरच्यांनी त्याला 'बेडूक' म्हणायला सुरुवात केली. आज त्याचं टक्कल पडलंय तरी बाजार त्याला बेडूकच म्हणतो. तो मला आमच्या चिनी घरांतल्या रीतीप्रमाणे 'आसिम' म्हणतो, म्हणजे काकू.

जागेत मधोमध रेघ मारलेली नाही. प्रत्येक खांबात, प्रत्येक खुर्चीत आणि छपराच्या प्रत्येक भोकात दोघांचा निम्मा निम्मा वाटा आहे. दोघांच्या सहीशिवाय थिएटर विकता येत नाही, पाडता येत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही. तो दुरुस्तीवर सही करत नाही, मी विक्रीवर करत नाही. अशी पंचवीसेक वर्षं गेली. पावसाने मात्र या काळात कुणाच्या सहीची वाट पाहिली नाही.

माझ्यामागे माझा अर्धा हिस्सा कुणाला जातो, त्यावर हे थिएटर राहतं की जातं ते ठरणार आहे. या कागदाचा खरा विषय तोच. पण त्या विषयावर आले की मला राग येतो आणि अक्षर बिघडतं, म्हणून किरकोळ कलमं आधी उरकते.

कलम २. माझा अंत्यविधी.

कालव्यापलीकडच्या विहारात व्हावा. फुलांची चक्रं आणू नयेत. हल्ली लोक चक्राऐवजी नावाची पट्टी लावलेला विजेचा पंखा आणतात, तसे पंखेच आणावेत आणि विधी झाल्यावर ते विहाराला न देता थिएटरात नेऊन ठेवावेत. भिक्षूंनी रागावू नये. त्यांच्याकडे पंखे इतके झालेत की मागच्या खोलीचं दार उघडत नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे.

भाषणं नकोत. सिरीथिपच्या पुनरुज्जीवनासाठी आजवर ज्या ज्या समित्या झाल्या, त्यांच्या अध्यक्षांनी माईकच्या आसपासही जाऊ नये. पठण झालं की जेवण वाढावं. भाताची पेज पातळ करू नये. लाकूडवाल्या आजोबांच्या अंत्यविधीला पेजेत भात शोधावा लागला होता. लोक आजोबांना विसरले, पेज विसरले नाहीत.

कलम ३. राहत्या खोल्या व घरातलं सामान.

जुन्या तिकीट कचेरीच्या वरच्या दोन खोल्या माझ्या एकटीच्या नावावर आहेत. त्या मी सुमालय हिला देते. तिला सगळे तुक्ता म्हणतात. ती थिएटरच्या पायऱ्यांवर बसून लॉटरीची तिकिटं विकते. ती माझ्या नात्याची नाही. पण माझ्या औषधाच्या वेळा तिला पाठ आहेत आणि माझ्या नात्यातल्या कुणाला माझा रक्तगट माहीत नाही. दगडी खलबत्ताही तिलाच. तिच्याकडचा फुटलेला आहे आणि त्यात वाटलेल्या मिरचीत मला दर वेळी दगडाची कच लागते.

कलम ४. बँकेतली रक्कम.

अंत्यविधीचा खर्च भागून जे उरेल ते सगळं सिरीथिपच्या छपराच्या पत्र्यासाठी. हे कलम वकिलांनी दोनदा वाचावं. पैसे पत्र्यासाठी आहेत. आराखड्यासाठी नाहीत. सल्लागारासाठी नाहीत. अहवाल छापण्यासाठी, अभ्यासदौऱ्यासाठी, उद्घाटनाच्या फितीसाठी नाहीत. पत्रा, त्याखालची लाकडं, खिळे, आणि जो माणूस वर चढेल त्याची मजुरी व जेवण. बस्स.

या थिएटरवर प्रेम करणारी माणसं मी आयुष्यात इतकी पाहिली आहेत की विचारू नका. येतात, दारातून आत डोकावतात, हात छातीवर ठेवतात. एक बाई तर रडल्या. मी त्यांना बसायला स्टूल दिलं आणि म्हटलं, "ताई, जरा डावीकडे सरकून रडा, तिथे गळतंय."

कलम ५. धंद्याचं सामान.

माईक, त्याचा उभा दांडा, गडगडाटासाठी वाजवायची पत्र्याची पट्टी आणि दार करकरण्याचा आवाज काढायची लाकडी चौकट हेही तुक्ताला. हे सामान कसं आलं ते दोन ओळींत लिहिते, म्हणजे ते भंगारात जाणार नाही.

आमच्या तरुणपणी फिल्म यायची ती मुकी यायची, किंवा परक्या भाषेत. पडद्याच्या समोरच्या टोकाला वर एक खोली होती. तिथे एक पुरुष आणि एक बाई बसून, पडद्याकडे बघत, सगळ्यांच्या तोंडचं आपल्या भाषेत बोलायची. मी तेव्हा दारात कलिंगडाच्या भाजलेल्या बिया विकायचे. शाळा चार इयत्ता. पण आतून ऐकू येणारं सगळं मला पाठ असायचं. एकदा आवाज देणारी बाई तापाने आली नाही. थोंगबाय एकटाच वर बसला होता आणि नायिकेचंही तोच बोलायला लागला. लोक हसून हसून खुर्च्यांखाली गेले. सासरे खाली धावत आले, म्हणाले, "ए बियावाली, तुला येतं ना?" मी टोपली हातात घेऊनच वर गेले. त्या दिवशी नायिका मेली तेव्हा माझ्या तोंडात बी होती. कुणाला कळलं नाही. पुढच्या वर्षी थोंगबायशी लग्न झालं.

त्याच्याशी मी घरात जितकं बोलले त्याच्या कित्येक पट जास्त त्या खोलीत बोलले, आणि तेही दुसऱ्यांच्या तोंडचं. तरी तक्रार नाही.

कलम ६. ज्यांना हिस्सा मिळणार नाही त्यांच्याबद्दल.

पहिल्या आचान पिमदाव. त्या विद्यापीठात शिकवतात, म्हणून सगळे त्यांना 'आचान', म्हणजे शिकवणाऱ्या बाई, म्हणतात, आणि त्या जुन्या इमारती जपणाऱ्या मंडळाच्या प्रमुख आहेत. मनाने चांगल्या आहेत, याबद्दल वाद नाही. त्यांनी एकदा विद्यार्थी आणून थिएटरच्या भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावल्या. 'या जागेबद्दल तुम्हाला काय वाटतं?' असं लिहायचं होतं. बाजारातल्या सगळ्यांनी आठवणी लिहिल्या. कुणी पहिलं प्रेम लिहिलं, कुणी खिसा कापला गेल्याचं. मी एकच शब्द लिहिला. 'गळतं.'

पुढे शहरात त्यांचं प्रदर्शन भरलं. मला गाडीतून नेलं. तिथे एका अख्ख्या भिंतीवर माझ्या अक्षरात मोठ्ठं 'गळतं', आणि खाली बारीक अक्षरात, 'एका ज्येष्ठ रहिवासी महिलेची भावना.' लोक त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढत होते. मी आचानना म्हटलं, "अहो, ती भावना नाही हो. छप्पर आहे."

"हो ना मावशी," त्या म्हणाल्या, "किती खोल आहे ते!"

"खोल नाही, उंच आहे. शिडी लागेल."

त्यांना थिएटर मिळालं तर त्या ते जिवापाड जपतील. दोरी बांधतील, पाटी लावतील, कुणाला खुर्चीवर बसू देणार नाहीत. म्हणून नाही.

दुसरे हेंग हिया. हे बाजारातल्या चिनी देवळाच्या मंडळाचे अध्यक्ष, वयाने माझ्याहून लहान पण बाजार त्यांना थोरला भाऊ म्हणून 'हिया' म्हणतो, तर मीही म्हणते. त्यांनी मला गेल्या नववर्षाला संत्री आणून दिली आणि संत्र्यांबरोबर बेतही सांगितला.

"लामदुआन, तुझा हिस्सा देवळातल्या देवीलाच देऊन टाक. पुण्य लागेल."

"देवी करणार काय त्याचं?"

"देवी कशाला करील, मंडळ करील. उपासाच्या उत्सवात भक्तांच्या गाड्या लावायला इंचभर जागा नसते गं. मधल्या खुर्च्या काढल्या की बघ कशा गाड्या बसतात."

"गळक्या छपराखाली?"

"गाड्या भिजल्या तर काय होतं? धुऊन निघतात."

संत्री गोड होती. हिस्सा मिळणार नाही.

तिसरी ती कंपनी, जी बाजारात मेट्रोचं स्टेशन आल्यावर उगवली. तिने बेडकाला आणि मला एक पुठ्ठ्याचा नमुना दाखवला. सिरीथिपची दर्शनी भिंत जशीच्या तशी, नावाच्या अक्षरांसकट, आणि तिच्या मागे थेट आभाळात गेलेली घरांची इमारत. नमुन्यात मुंगीएवढी माणसंही चिकटवली होती, आणि त्यांतल्या एकाच्याही हातात बियांची पुडी नव्हती.

"बघा," साहेब म्हणाले, "वारसा आम्ही पूर्णपणे जपतोय."

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही कोंबडी खाऊन पिसं जपताय."

बेडूक माझा हात दाबून म्हणाला, "आसिम, जरा गप बस ना." साहेब मात्र हसले. त्यांना वाटलं मी जेवणाबद्दल विचारते आहे. त्यांनी डबा मागवला.

कलम ७. नवस.

इथून पुढचं सगळं थामरोंगने लक्ष देऊन वाचावं.

आमच्या पडद्यामागे देवी आहे. सासऱ्यांनी पाया खणला तेव्हा कालव्याच्या गाळातून ताखिअन झाडाचा काळा बुंधा निघाला. या झाडात देवी राहते असं आमच्याकडे मानतात, ती रागावू नये म्हणून त्यांनी बुंधा तिथेच ठेवला, त्याला रंगीत कापडं बांधली आणि थिएटर तिच्याभोवती उभं केलं. देवीला सिनेमा आवडतो. ज्याचा नवस फळेल तो तिला सिनेमा दाखवतो, ही आमची रीत. हल्ली देवळापुढे भाड्याचा पडदा लावतात, समोर माणूस नसला तरी देव बघतात असं मानून मशीन चालू करून देतात, आणि नवस फेडणारा घरी जाऊन जेवतो. चालतं. जो जसं बोलला असेल तसं चालतं.

झालं असं की कंपनीला एवढी उंच इमारत बांधायची परवानगी मिळेना. रस्त्याची रुंदी की काय आडवं येत होतं. परवानगी नाही तर कंपनी नाही, आणि बेडकाच्या गळ्यात पुन्हा गळकं थेटर. तेव्हा तो एका सकाळी माळा, उकडलेली अंडी आणि लाल सरबताच्या बाटल्या घेऊन आला. मी देवीपुढे झाडत होते.

"आसिम, जरा बाजूला हो. मला देवीशी खासगी बोलायचंय."

"बोल की. मी झाडते आहे, ऐकत नाही."

तो गुडघ्यांवर बसला. रीतीप्रमाणे स्वतःचं पूर्ण नाव, बापाचं नाव, ओळखपत्राचा नंबर, घराचा पत्ता सांगितला, म्हणजे देवी चुकून भलत्यालाच पावायला नको. मग म्हणाला, "देवीआई, परवानगी मिळू दे. मिळाली तर तुला सिनेमा दाखवीन. आजोबांच्या वेळी दाखवायचे ना, अगदी तसा!"

माझ्या हातातला झाडू थांबला. "बेडका, 'तसा' कशाला म्हणालास? नुसतं 'सिनेमा दाखवीन' म्हणायचं."

"तू ऐकत नव्हतीस ना?"

"शब्द परत घे. अजून उदबत्ती जळतेय."

"आसिम, देवीशी काय वकिलासारखं बोलू? तिला गोड वाटावं म्हणून म्हणालो." आणि उठून, गुडघे झटकून गेला.

परवानगी आली. वर्ष नाही लागलं. इतकी वर्षं छपरासाठी मी त्याच देवीपुढे हात जोडते आहे, आणि हा दोन अंडी घेऊन आला तर हिने ऐकलं. याबद्दल माझं देवीशी बोलणं बंद होतं. फुलं बदलत होते, पण बोलत नव्हते.

मग बेडकाने नवस फेडायला घेतला. मागच्या मोकळ्या जागेत भाड्याचा पडदा, टेबलावर संगणक, पडद्यावर कुणीतरी अंगाला चिकटलेले कपडे घालून इमारतींवरून उड्या मारतोय. समोर माणूस नाही, एक कुत्रा. संपल्यावर हेंग हियांनी देवीला विचारायच्या दोन लाकडी फाका टाकल्या. एक उताणी एक पालथी पडली तर 'हो', दोन्ही पालथ्या पडल्या तर 'नाही', दोन्ही उताण्या पडल्या तर देवी हसली.

देवी हसली.

"हसली! खूश झाली!" बेडूक ओरडला.

"खूश कसली," हेंग हिया म्हणाले, "हसली म्हणजे म्हणतेय, काय विचारतोस ते नीट विचार."

"विचारा मग, नवस फिटला का म्हणून."

पुन्हा हसली. तिसऱ्यांदा दोन्ही पालथ्या.

तेवढ्यावर भागलं असतं. पण माती तपासायला कंपनीची माणसं आली, त्यांच्या मुकादमाने देवीला सरबत ठेवता ठेवता हेंग हियांना सहज विचारलं, सगळं ठीक ना? आणि हेंग हियांच्या पोटात काही राहत नाही. मुकादमाने अवजारं परत गाडीत भरली. "नवस थकलेल्या जागेत मी पहार घालत नाही. मला लहान मुलं आहेत." दुसरी टोळी आणली, ती फाटकातूनच परत गेली. शेवटी ते डबा मागवणारे साहेब, जे परदेशात शिकलेत पण ज्यांच्या कचेरीपुढेही देवाचं छोटं घर आहे, ते बेडकाला हळूच म्हणाले, "ते देवीचं आधी मिटवा. मग बोलू."

तेव्हा बेडूक माझ्याकडे आला. चप्पल न काढता वर आला, यावरून प्रकरण अडलं आहे हे मी ओळखलं.

"आसिम, एका दिवसापुरती ताडपत्री टाकू. पंचवीस-तीस लोक बसवू. संपवू एकदाचं."

"आजोबांच्या वेळी ताडपत्री होती?"

"मग काय, अख्खं छप्पर घालू? पाडायच्या थेटरावर नवीन छप्पर घालू? ऐकतेस तरी का तू काय बोलतेस?"

"मी काही बोलत नाहीये. तू बोललास."

"तू देवीच्या आडून मला कोंडीत धरतेस!"

"मी नाही धरलं. मी तर म्हटलं होतं, शब्द परत घे."

तो खाली बसला. आता चप्पल काढत म्हणाला, "या छपराने माझ्या बाबांना खाल्लं, आसिम. व्हिडिओ आले, टीव्ही आले, लोक यायचे बंद झाले, तरी ते रोज तिकिटाची खिडकी उघडून बसायचे. तिथेच गेले. मला त्या जागेत पाऊल टाकवत नाही. तुला ते कळत कसं नाही?"

कळतं. थोरल्या दिरांना त्या खिडकीमागून बाहेर काढलं तेव्हा त्यांचा हात मीच धरला होता. पण त्या दिवसापासून या पोराने आणि मी एकमेकांशी छपराखेरीज दुसऱ्या कशाबद्दल बोलणंच सोडलं, आणि छपराबद्दलही फक्त भांडलो. मला याचा कंटाळा आला आहे. समित्यांचा आला आहे, नमुन्यांचा आला आहे, भिंत जपणाऱ्यांचा आणि भिंत पाडणाऱ्यांचा सारखाच आला आहे. सगळ्यांना सिरीथिपचं काहीतरी करायचं असतं. एकालाही तिथे बसून सिनेमा बघायचा नसतो.

कलम ८. अर्धा हिस्सा.

सिरीथिप थिएटर व जमिनीतला माझा अविभक्त अर्धा हिस्सा मी माझा पुतण्या थामरोंग तांगसिरिवत यास देते.

अट एकच. त्याने आपला नवस, जसा बोलला तसा, फेडलेला असला पाहिजे. माझ्या हयातीत फेडला तर उत्तम, नाहीतर माझ्यामागे दुसरा पावसाळा संपायच्या आत. तोवर हिस्सा सांभाळायचं काम तुक्ताकडे राहील. तिने तो विकू नये, गहाण टाकू नये आणि संत्री स्वीकारू नयेत. मुदतीत नवस फिटला नाही तर हिस्सा कायमचा तुक्ताचा. ती त्याचं काय करील ते मला ठाऊक नाही, तिलाही नाही. पण पायऱ्यांवर बसून थिएटरकडे तोंड करणारी ती एकटीच आहे. बाकी सगळे रस्त्याकडे बघतात.

'तसा' या शब्दावरून पुढे वाद नको. आजोबांच्या वेळचे आता आम्ही दोन-चारच उरलो आहोत आणि त्यांत वर खोलीत बसणारी मी शेवटची. म्हणून 'तसा' म्हणजे कसा ते लिहून ठेवते.

छपराखाली. छप्पर म्हणजे आभाळ न दिसणारं. कलम चारमधली रक्कम त्याचसाठी आहे. कमी पडली तर थामरोंगने भर घालावी.

खुर्च्या शाबूत असतील तेवढ्या, बाकीच्यांनी चटया आणाव्यात. पहिल्या रांगेतली मधली जागा देवीची, तिथे सरबत ठेवावं. दारं सगळ्यांना उघडी. तिकीट नाही. बाजारातला, कालव्यापलीकडचा, बर्मी कामगार, साहेब लोक, कुणीही. आत खायला बंदी नाही. उन्हाळा असेल तर माझ्या अंत्यविधीचे पंखे लावावेत.

सिनेमा कुठलाही चालेल, भुताचा नको. देवीला भुतं आवडत नाहीत, ओळखीची असतील.

आवाज यंत्रातून यायचा नाही. वरच्या खोलीतून, माणसाच्या तोंडून यायचा. बाईचा आवाज मी देईन. मृत्युपत्र लिहिलं म्हणजे मी मेले असं कुणी समजू नये. मी नसेन तर तुक्ता देईल. लॉटरी विकून तिचा गळा कमावलेला आहे आणि रडण्याचे तीन प्रकार मी तिला शिकवले आहेत. हसणं अजून कच्चं आहे.

पुरुषाचा आवाज थामरोंगने द्यायचा.

याला पर्याय नाही. आजोबांच्या वेळी पुरुषाचा आवाज नेहमी घरच्याचाच असे. आधी सासरे स्वतः, मग थोंगबाय. थामरोंग, तू फोनवर 'आसिम' म्हणतोस तेव्हा अजूनही मी क्षणभर उठून बसते. हुबेहूब तुझ्या काकाचा आवाज आहे, आणि तू तो जमिनीच्या दलालांशी बोलण्यात घालवतोस. तुला आवाज द्यायला कसं जमेल, ही चिंता करू नकोस. पडद्यावरच्या माणसाच्या ओठांकडे बघायचं आणि त्याला काय हवंय ते बोलायचं. चुकलं तरी लोक हसतात, आणि हसले तर चांगलंच.

मी तुला थिएटर पाडायची बंदी घालत नाही. वकील म्हणाले, घाला. मी नाही म्हटलं. बंदी घालून घालूनच आपण दोघांनी त्याची ही दशा केली. नवस फिटला की माझी अट संपली. पण एवढं कर. दिवे मालवल्यावर पडद्यावरचा माणूस तोंड उघडतो आणि खाली अंधारात बसलेले सगळे त्याच्या आवाजासाठी, म्हणजे तुझ्या आवाजासाठी, थांबलेले असतात. ते तुझ्या बाबांच्या नशिबी कधी आलं नाही. त्यांच्या वाट्याला फक्त खिडकी आली. तू तिथे एकदा बस. मग खाली ये, बाहेर पडणाऱ्या माणसांच्या तोंडांकडे बघ आणि खरेदीखत समोर घे. तेव्हाही सही करावीशी वाटली तर कर. माझा अर्धा हिस्सा तुझ्या आड येणार नाही. मीही येणार नाही.

कलम ९. साक्षीदार.

ज्याने साक्षीदार म्हणून सही केली त्याला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, असा आपल्याकडे कायदा आहे. म्हणून साक्षीदार नेमताना मी फार विचार केला आणि आचान पिमदाव व हेंग हिया या दोघांना बोलावलं. दोघांनी कायदा सही केल्यानंतर वाचला. हेंग हिया म्हणाले, "लामदुआन, तू फार पाताळयंत्री आहेस." आचान म्हणाल्या की हे मृत्युपत्र त्यांच्या पुढच्या प्रदर्शनात ठेवता येईल का. येणार नाही.

नोंद. वरील मजकूर आज साक्षीदारांसमक्ष थामरोंगला वाचून दाखवला. आठव्या कलमाच्या मध्यावर तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आसिम, मी मेलो तरी त्या खोलीत बसून बोलणार नाही! ऐकलंस? नाही म्हणजे नाही!" कालव्यापलीकडच्या काठावर हेंग हियांची बायको कपडे वाळत घालत होती, तिने तिथून विचारलं, "काय झालं हो?"

थामरोंगची हरकत इथे नोंदवून घेतली आहे. आवाज उत्तम आहे. माईक बंद पडला तरी चालेल. अट कायम.

हे मी वाचलं, मला समजलं, आणि पुन्हा लिहायला लावलं तरी मी हेच लिहीन.

(सही) लामदुआन तांगसिरिवत

साक्षीदार १. (सही) हेंग, अध्यक्ष, देवस्थान मंडळ, बांग फ्लू. तक्रार राखून.

साक्षीदार २. (सही) पिमदाव, प्राध्यापक. कुठलीही तक्रार नाही. डोळे पुसायला थांबले म्हणून सही थोडी फिसकटली आहे.

स्थळ : सिरीथिप थिएटर, तिकीट खिडकीसमोर, जिथे गळत नाही तिथे.
दिनांक : ११ फेब्रुवारी, बुद्धाब्द २५६७